वडिलांच्या माघारी घर मीच सांभाळतेय, तर माझा हक्क नक्की किती?

जाईजुई
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्रच असते, पण हा विषय नातेवाइकांत बोलायची सोय नाही (प्रत्येकजण कुणाच्या ना कुणाच्या बाजूचा), म्हणून इथे विचारतेय.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बाबांनी स्वतःच्या पगारातून प्लॉट घेऊन १९८७ साली घर बांधलं. खाली तीन खोल्या, वर एक खोली आणि गच्ची. मृत्युपत्र केलेलं नाही. आम्ही तीन भावंडं, दादा पुण्यात, धाकटा बंगळुरूला, मी मधली. घटस्फोटानंतर मी इथेच आले, नोकरीही इथल्याच शाळेत, बाबांचं आजारपण मी काढलं आणि ते गेल्यापासून घरही मीच बघते. आई माझ्याजवळच असते. घरपट्टी, पाणीपट्टी, लाइटबिल सगळं माझ्याकडे. स्लॅब इतका गळायचा की पावसाळ्यात आईच्या पलंगावर प्लॅस्टिकचा कागद अंथरून ठेवायला लागायचा, तो वरचा सगळा थर उखडून ब्रिकबॅट कोबा करून घेतला, मागच्या भिंतीचं ओल धरलेलं प्लास्टर काढून नवीन केलं, आईला खाली बसता येत नाही म्हणून जुना संडास फोडून कमोड बसवला. तेव्हा दोघाही भावांनी फोनवर "तू बघ तुला योग्य वाटेल तसं" एवढंच म्हटलं.

आता समोरचा रस्ता रुंद झाला, भाव वाढले आणि दादा म्हणतो विकून टाकू, तीन सारखे वाटे करू. मी म्हटलं आणि माझा खर्च? तर म्हणे इतकी वर्षं फुकट राहिलीस ना, भाड्यात वळता झाला. (हे वाक्य त्याचं नाही, वहिनीचं आहे, मी ओळखते.)

मला घराबाहेर काढता येतं का, मी घातलेले पैसे धरतात का आणि इतकी वर्षं सांभाळलं म्हणून माझा वाटा वाढतो का? वकिलाकडे जाणारच आहे, पण जाताना निदान काय विचारायचं ते तरी कळावं.

खडूस_काका
तीन वाटे कुठून आले? आई आहे ना? चार वाटे. बाकीचं जेवून येऊन लिहितो.

मोरपंखी
काकांना +१. हेच लिहायला आले होते. आई हयात असून सगळे भावंडांच्याच वाट्यांचं बोलताहेत, हे घरोघरी बघते मी.

काळा_कोट
ताई, दिवाणी बाजूची कामं करतो म्हणून लिहितो, पण कागद बघितल्याशिवाय दिलेलं मत हे मतच, सल्ला नव्हे.

घर वडिलांचं स्वकष्टार्जित, मृत्युपत्र नाही, तुम्ही हिंदू असाल असं धरतो. मग हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६, कलम ८. पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे विधवा, मुलगे, मुली (आणि वडिलांची आई हयात असेल तर तीही), प्रत्येकी सारखा हिस्सा. तुमच्याकडे आई अधिक तीन भावंडं, प्रत्येकी चौथाई. मुलगी विवाहित, घटस्फोटित की अविवाहित याने काडीचाही फरक पडत नाही. तुम्हाला या घरात कुणी मेहेरबानी म्हणून ठेवलेलं नाही, तुम्ही सहमालक आहात. त्यामुळे दादा उद्या सामान बाहेर ठेव म्हणाला तर त्याला तसा अधिकार नाही.

दुसरी बाजू कडू आहे. घर सांभाळलं, आईवडिलांची सेवा केली म्हणून हिस्सा वाढत नाही. कायद्यात तशी तरतूदच नाही. चौथाई ती चौथाई. आणि चौघांपैकी कुणीही, कधीही, वाटप मागू शकतो.

खर्चाचं तिसरं उत्तर "हो, पण" असं आहे. रात्री लिहितो, आता कोर्टात आहे.

टवाळ
कोर्टात बसून धागा वाचताय म्हणजे पुढची तारीख पडली वाटतं.

काळा_कोट
पडली. तिसऱ्यांदा.

रानमेवा
माझ्या माहितीप्रमाणे बारा वर्षं एका जागी राहिलं की ती जागा आपली होते. आमच्या शेजाऱ्यांचं तसंच झालं. ताई, तुमची किती वर्षं झाली? भरत आली असतील तर गप्प बसा, दादाला बोलू द्या.

खडूस_काका
जेवून आलो आणि बघतो तर बारा वर्षं आलीच. वारसाचा विषय निघाला की ही बारा वर्षं हमखास येतात. शेजाऱ्यांची केस भावाभावांतली होती की परक्याच्या जागेची, ते आधी सांगा.

काळा_कोट
काका बरोबर. रानमेवा, ती बारा वर्षं मुदतीच्या कायद्यातली (१९६३, अनुच्छेद ६५), प्रतिकूल कब्जाची. ती मालकाच्या विरोधात उघडपणे ताबा ठेवणाऱ्याला लागू. सहवारसांमध्ये एकाचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने असलेला ताबा धरतात. सुप्रीम कोर्टाचा लक्ष्मी रेड्डीचा १९५७ सालच्या एआयआर या निकालसंग्रहातला निकाल आहे, आजही तोच दाखवतात. नुसतं राहून, घरपट्टी भरून, दुरुस्ती करून चालत नाही, "तुमचा हक्क मला मान्य नाही, हे घर माझं एकटीचं" असं बाकीच्यांना कळेल इतक्या उघडपणे सांगून त्यांना वगळावं लागतं आणि तिथून बारा वर्षं. दादा दिवाळीला येऊन वरच्या खोलीत झोपून जात असेल तर तो विषय तिथेच संपला.

आणि ताई, या नादात घराचं कुलूप बदलू नका. पुढे लिहितोय त्याच्याशी त्याचा संबंध आहे.

रानमेवा
धन्यवाद, असं आहे होय. शेजाऱ्यांचं विचारून सांगतो.

काळा_कोट
आता खर्च.

वाटपाचा दावा झाला की कोर्ट नुसते चार तुकडे पाडत नाही, सहमालकांमधला हिशेबही करता येतो. घरपट्टी आणि घर पडू नये म्हणून केलेली दुरुस्ती, गळका स्लॅब, भिंतीची ओल, हा घर राखण्याचा खर्च. त्यात इतरांनी आपापल्या हिश्शाइतका भार उचलावा असं मागता येतं, अर्थात पुरावा असेल तर. लाइटबिल आणि रोजचा पाणीवापर विसरा, तो राहणाऱ्याचा. हौसेची सुधारणा, म्हणजे जुनी फरशी चांगली असताना ग्रॅनाइट, मॉड्युलर किचन, याचे पैसे कुणी परत देईलच असं नाही. मात्र प्रत्यक्ष वाटप होताना ज्याने जो भाग सुधारला तो शक्यतो त्याच्या वाट्याला घालावा असं न्यायाच्या दृष्टीने कोर्ट बघतं. कमोड मी दुरुस्तीत मांडेन, समोरचा वकील सुधारणेत मांडेल, त्यासाठीच आम्हाला फी मिळते.

मुदतीचाही प्रश्न येतो, दहा वर्षांपूर्वीचा खर्च आज उकरून काढताना अडचण होऊ शकते. हे वकिलाला मुद्दाम विचारा.

"भाड्यात वळता झाला" बद्दल. सहमालक स्वतःच्या घरात राहिला म्हणून इतर सहमालकांना भाडं देणं लागतो असं साधारणपणे नाही. त्यांनाही येऊन राहायला दार उघडं होतं, ते आले नाहीत. पण तुम्ही त्यांना अडवलंत, कुलूप बदललंत, वरची खोली बंद केलीत, तर मात्र ते भरपाई मागू शकतात. तसंच एखादी खोली भाड्याने दिली असेल तर त्या भाड्याचा हिशेब तुम्हाला द्यावा लागेल. म्हणून कुलूप.

परदेशस्थ_दादा
सगळे प्रतिसाद वाचले. मी या धाग्यातला "दादा" आहे, म्हणजे तो नव्हे, माझ्या घरातला. आमच्याकडे धाकटा भाऊ आईवडिलांच्या घरात राहतो. मी दर महिन्याला पैसे पाठवत आलो, वडिलांच्या ऑपरेशनचा खर्च मी केला, घराला रंग माझ्या पैशांनी. पण लोकांना दिसतं काय, तर जो जवळ राहिला तो श्रावणबाळ आणि जो लांब गेला तो वाटा मागायला आलेला. भाऊ त्याच घरात राहून भाडं वाचवतो, त्यावर त्याने दुसरीकडे फ्लॅट घेतला, आणि वर म्हणतो मी सांभाळलं. जाईजुई ताई, तुमच्या दादाने काही पाठवलंच नाही का, एवढंच विचारतो. राग मानू नका.

मोरपंखी
पैसे पाठवणं आणि रात्री दोन वाजता आईला बाथरूमपर्यंत नेणं हे एकाच वहीत कसं मांडायचं ते आधी सांगा दादा.

परदेशस्थ_दादा
मांडता येत नाही, मान्य. पण मग वहीच उघडू नका ना. त्या ताई वही उघडतायत म्हणून मी माझं पान दाखवलं.

खडूस_काका
दोघांचंही बरोबर आहे आणि म्हणूनच हे दावे वीस-वीस वर्षं चालतात. आमच्या चुलत्यांच्या वाड्याचं सांगतो. पाच भाऊ, दोन बहिणी. एक भाऊ वाड्यात राहिला, बाकीचे मुंबई-नाशिक. वाटपाचा दावा, त्यात प्राथमिक हुकूमनामा, मग मोजणीला कमिशनर, मग अंतिम हुकूमनामा, मध्ये दोन अपिलं. दाव्यात मनाई असल्याने कुणी एक वीट बदलायला तयार नाही, खर्च केला तर तो कुणाच्या नावे पडायचा! एका पावसाळ्यात मागची खण पडली. कमिशनरने नकाशात तिथे "मोकळी जागा" लिहिलं आणि त्या मोकळ्या जागेचेही सात हिस्से झाले. शेवटी जागा एका बिल्डरला गेली. वाड्यात राहिलेल्या काकाला जे मिळालं त्यात त्याच्या दुरुस्तीचे पैसे धरले होते की नाही हे त्यालाही सांगता येत नव्हतं.

टवाळ
काका, तुमचे जोक हल्ली सत्यकथा व्हायला लागलेत.

सुईदोरा
मी जरा वेगळं लिहिते. ताई, कुणी हक्कसोडपत्रावर सही मागितली तर घाई करू नका. माझे वडील गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काका कागद घेऊन आले, "नुसती नोंदीसाठी सही हवी". मी तीनदा विचारलं की हे कशाचं आहे. नोंदीसाठी. सब-रजिस्ट्रारकडे अंगठा आणि फोटो द्यायला उभी राहिले तेव्हा समोरच्या पडद्यावर "हक्कसोड" दिसलं. मी तिथून उठून आले. भाऊ दोन वर्षं बोलत नव्हता, आता बोलतो. माझ्या दोन्ही आत्यांनी मात्र त्यांच्या काळी साडीचोळीवर सह्या केल्या होत्या, माहेर तुटू नये म्हणून. माहेर तरी राहिलं का म्हणाल तर एकीचं राहिलं, एकीचं नाही.

काळा_कोट
बरं केलंत. वारसनोंदीला हक्कसोड लागत नाही. वारसनोंद म्हणजे सगळ्या वारसांची नावं लावणं. हक्कसोड म्हणजे आपला हिस्सा दुसऱ्या सहवारसाला सोडून देणं, ते नोंदणीकृतच हवं (नोंदणी कायदा १९०८, कलम १७) आणि एकदा झालं की रद्द करून घ्यायला फसवणूक वगैरे सिद्ध करत बसावं लागतं.

गावठाण
यावरून आठवलं, ताई तुमच्या घराच्या उताऱ्यावर आज कुणाचं नाव आहे? सिटी सर्व्हे लागलेला असेल तर मालमत्ता पत्रक, ग्रामपंचायत असेल तर नमुना ८, आणि प्लॉट बिनशेती असेल तरी सातबारा बघून घ्या. बऱ्याच ठिकाणी बाबा जाऊन वर्षं झाली तरी बाबाच कर भरत असतात. आधी चौघांची वारसनोंद करा, त्यात भांडणासारखं काही नाही. आणि उलट बाजूही लक्षात ठेवा, दादाने एकट्याचं नाव लावून घेतलं तरी तो एकटा मालक होत नाही. उतारा हा महसुलाचा कागद, मालकी त्याने ठरत नाही.

चाळकरी
फ्लॅटचं पण असंच का? आमच्या सोसायटीत बाबांनी नॉमिनी म्हणून माझं नाव दिलंय. सेक्रेटरी म्हणतात आता फ्लॅट तुझाच.

काळा_कोट
सेक्रेटरींना नमस्कार सांगा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने सांभाळणारा. महाराष्ट्रात २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहकार कायद्यात (कलम १५४ब-१३) नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेण्याची तरतूद आली, तीही वारसांची नावं लागेपर्यंतच. शेअर्सच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात सांगितलं की नॉमिनेशनने वारसा बदलत नाही.

वसईकर
अवांतर: वरचं कलम ८ आम्हा ख्रिस्ती लोकांना लागू नाही. आमच्याकडे भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५, विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलामुलींत सारखं. मुस्लिम कायद्यात आणखी वेगळं, तिथे मुलीला मुलाच्या निम्मं. धागा शोधून वाचणारे सगळे एकाच कायद्याखाली नसतात म्हणून लिहिलं.

हिशेबनीस
बिलांबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही. ताई, गवंड्याने बिल दिलंय का? बहुतेक नसेलच. आमच्याकडच्या मेस्त्रीचा हिशेब कॅलेंडरच्या फेब्रुवारीच्या पानामागे आहे, वाळू दोन ब्रास, सिमेंट, हजेऱ्या आणि खाली "उचल दिली" म्हणून माझी सही. तो कागद टाकू नका. ज्या दिवशी पैसे काढले त्या दिवसाचं पासबुक, सिमेंटच्या दुकानाची पावती, उखडलेल्या स्लॅबचे मोबाइलमधले फोटो (तारखेसकट असतात) आणि भावांचे व्हॉट्सॅप, "तू बघ" म्हणाले तो, असं सगळं एका फाइलला लावा. फोनवर म्हणाले असतील तर आता मेसेज करा, "त्या वेळी आपलं ठरल्याप्रमाणे स्लॅबला इतके लागले, यादी सोबत". उत्तर आलं तर उत्तम. आलं नाही तरी तुम्ही कळवलं होतं हे राहतं.

शिवाय घर विकलंच तर भांडवली नफ्याचा कर आहे. घर २००१ च्या आधीचं, म्हणजे १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत मूळ किंमत म्हणून धरता येते आणि नंतरची भांडवली सुधारणा त्यात मिळवता येते. तिथे तुमच्या पावत्या दादाच्याही कामाला येतील. हे त्याला सांगून बघा, आवाज मऊ होतो.

टवाळ
हिशेबनीस यांना या वर्षीचा भाऊबंदकी निवारण पुरस्कार.

जाईजुई
बापरे, इतके प्रतिसाद! सगळ्यांचे मनापासून आभार.

परदेशस्थ_दादा, राग नाही. दादाने पाठवले, बाबांच्या औषधांचे निम्मे तो देत होता, आणि ते मी कधी नाकारलेलं नाही. धाकट्याने फ्रिज आणि वॉशिंग मशीन घेऊन दिलं. माझं म्हणणं एवढंच की स्लॅबचं मी एकटीने केलं तर ते नव्हतंच असं कसं धरायचं.

आईच्या वाट्याचं मी काल तिला सांगितलं. तिला माहीतच नव्हतं. आधी म्हणाली मला काय करायचंय वाटा, मग थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून ओरडून म्हणाली, "तिघंजण विकायचं की ठेवायचं ते ठरवताय, मी काय घराची भिंत आहे का?" आणि मग दादाला स्वतः फोन लावला. मी बाहेर येऊन बसले. आत काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही, पण दादाचा मला मेसेज आला, "बसून बोलू".

आता विचारायचं हे की, विकायला मी तयार नसेन तर भाऊ त्यांचे हिस्से बाहेर कुणाला विकू शकतात का? आणि मीच घ्यायचं ठरवलं तर?

खडूस_काका
आईंना माझा नमस्कार कळवा.

काळा_कोट
अविभक्त हिस्सा विकायला कायद्याने बंदी नाही. पण वारसाने मिळालेल्या मिळकतीतला हिस्सा एखाद्या वारसाला विकायचा असेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे इतर वारसांना तो आधी विकत घ्यायचा अग्रहक्क आहे. दर ठरला नाही तर कोर्ट ठरवतं. परक्याला विकलाच तरी राहत्या कुटुंबाच्या घरात त्या परक्याला येऊन राहता येत नाही (मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ४४), त्याला वाटपाचा दावा लावावा लागतो, आणि त्याने लावला तर वाटप कायदा १८९३ च्या कलम ४ खाली तुम्हाला त्याचा हिस्सा कोर्टाने काढलेल्या किमतीला घेता येतो. एवढं सगळं वाचून शहाणा गिऱ्हाईक चौथाई हिस्सा घ्यायला येत नाही, आला तर पडत्या भावाने मागतो. हे दादालाही त्याच्या वकिलाने सांगितलेलं असेल.

एक गोष्ट तुमच्याही विरोधात जाते. २००५ च्या आधी हिंदू उत्तराधिकार कायद्यात कलम २३ होतं, मुलींना राहत्या घराचं वाटप मागता येत नव्हतं, पुरुष वारस म्हणतील तेव्हाच. ते रद्द झालं. म्हणजे आता तुम्हीही वाटप मागू शकता, पण आई हयात आहे तोवर थांबा असं तुम्हाला किंवा कुणालाच कायद्याने म्हणता येत नाही. थांबायचं असेल तर ते चौघांनी आपसात ठरवायचं.

आईंची चौथाई पूर्ण त्यांची. त्या ती कुणालाही मृत्युपत्राने देऊ शकतात, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी. कुणाला द्यावी ते मी सांगणार नाही आणि ताई, तुम्हीही सांगू नका. तुमच्याकडे राहणाऱ्या आईने तुमच्या नावे केलेलं मृत्युपत्र हे पुढच्या दाव्याचं पहिलं पान असतं. करायचंच झालं तर तुम्ही त्या दिवशी तिथे नसलेलं बरं.

परदेशस्थ_दादा
हा मुद्दा लाख मोलाचा. आमच्याकडे नेमकं यावरूनच बिनसलं.

सुईदोरा
बसून बोलणार आहात तर आमच्याकडे काय ठरलं ते सांगते. भावाने घर ठेवलं, मला माझ्या हिश्शाचे पैसे तीन हप्त्यांत. किंमत ठरवायला दोघांना मान्य असलेला एकच व्हॅल्युअर नेमला, त्याची फी निम्मी निम्मी. भावाने केलेली दुरुस्ती आधी एकूण किमतीतून वजा केली आणि मग वाटे पाडले. ते मी लगेच मान्य केलं, कारण त्याच्याजागी मी असते तर मलाही तेच हवं असतं. हक्कसोड शेवटचा हप्ता मिळाल्यावर.

काळा_कोट
हाच रस्ता चांगला. तोंडी कौटुंबिक तडजोड कायद्याला मान्य आहे, आधी तोंडी ठरलेलं नंतर आठवणीसाठी लिहून काढलेला कागद नोंदवावा लागत नाही असं सुप्रीम कोर्टाने १९७६ च्या काळे प्रकरणात म्हटलंय. पण त्याच कागदाने हक्क देत-घेत असाल तर नोंदणी हवी, आणि हा फरक कागदाच्या भाषेवर ठरतो, म्हणून मसुदा वकिलाकडूनच करून घ्या. दावा झालाच असेल तर लोकअदालतीत तडजोड करा, तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखा चालतो आणि त्यावर अपील नाही.

नवखा_२
माझ्या सासऱ्यांच्या नावे शेती आहे आणि कुळाची नोंद आहे, तर सुनेचा

खडूस_काका
नवा धागा काढा. आणि वाक्य पूर्ण करा.

जाईजुई
दादा पुढच्या रविवारी येतोय, धाकटा व्हिडिओ कॉलवर असेल. व्हॅल्युअरचं तिघांनाही पटलंय असं दिसतं. दुरुस्ती वजा करायला दादा तयार आहे, कमोडवर अडलंय. म्हणे ते सुधारणेत जातं.

टवाळ
दादाचा वकील हा धागा वाचतोय.

जाईजुई
मध्येच पाण्याची मोटार जळाली. करून घेऊ की रविवारपर्यंत थांबू?

हिशेबनीस
पाण्यावाचून आईला रविवारपर्यंत बसवू नका. पण करण्याआधी ग्रुपवर टाका, मोटार जळाली, मेकॅनिक अमुक मागतोय, उद्या करतेय. जळालेल्या मोटारीचा फोटोही. आणि रिवाइंडिंगची पावती घ्या, तो देणार नाही, मागून घ्या.